पैलवानांचा पाळणा

भाद्रपद उतरणीला लागला की मला एका जागी बसवत नाही. सहामाहीचे पेपर तपासायला घेते, चार होतात न होतात तोच उठते. खिडकी उघडते, परत लावते. तहान नसताना पाणी पिते. कुणीतरी बोलावल्यासारखी गच्चीवर जाते आणि तिथे काहीच काम नाही म्हणून खाली येते. घरचे म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. असेल, पण ती बारा महिने नसते. पितृपक्षाची मरगळ संपत येते, नाक्यानाक्यावर झेंडूच्या गोण्या उतरायला लागतात, आणि आकाशपाळण्याचे लोखंडी हात लादलेला एखादा ट्रक देवीच्या यात्रेकडे जाताना दिसतो, तेवढ्याच दिवसांत ती फिरते. काल तसा ट्रक दिसला. मी रिक्षात होते. रिक्षावाल्याला म्हटलं, "जरा त्याच्या मागून घ्या." तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला शाळेत जायचंय ना?" तेही खरंच होतं.

माझी उंची पाच फूट अकरा इंच. रुंदी त्या मानाने, म्हणजे भरपूर. आणि घरातलं नाव बारकी. सातव्या महिन्यात जन्मले, मूठभर होते म्हणे, म्हणून बारकी. पुढे मी कुणाचंही न ऐकता वाढत गेले, नाव मात्र होतं तिथंच राहिलं. यात्रेच्या गर्दीत आई "ए बारके" म्हणून हाक मारायची, तेव्हा आजूबाजूची चार माणसं एखादं लहान पोर हरवलं की काय म्हणून खाली बघायची, आणि वरून माझा आवाज यायचा, "आले आले." चपलांच्या दुकानात मला पुरुषांच्या बाजूला बसवतात. एसटीत माझे गुडघे पुढच्याच्या पाठीत घुसतात आणि तो दर दोन मिनिटांनी मागे वळून बघतो. याचं वाईट वाटण्यापेक्षा मला याचा राग जास्त येतो. राग मला आवडतो, त्याने कामं होतात.

आमचा मळा नाशकाबाहेर, मखमलाबादच्या वाटेवर. कोबी, मेथी, कोथिंबीर हे वर्षभराचं, पण नवरात्र आलं की सगळं रान झेंडूचं. उजाडायच्या आत तोडायला लागायचं. फुलं ओली असायची, फ्रॉकचा पुढचा भाग, पुढे ओढणी, कोपरापर्यंत हात, सगळं ओलं. नखं हिरवी-पिवळी व्हायची ती दिवाळीपर्यंत तशीच. झेंडूचा वास लोकांना देवघरातला वाटतो. मला तो घाईचा वास वाटतो, कारण त्या वासात आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलायचंच नाही. वडील, म्हणजे अण्णा, गोण्या शिवत असायचे, आई नऊ दिवस उपाशी आणि अनवाणी, आणि मी एका सरीतून दुसऱ्या सरीत, मनात एकच, की संध्याकाळी यात्रेला जायचं.

म्हणजे जायचं आणि खाली उभं राहायचं.

हे खाली उभं राहणं सुरू झालं नववीच्या वर्षी. तोवर मी सगळ्यात बसत होते, घोड्यावर, छोट्या रेल्वेत, लाकडी पाळण्यात. त्या वर्षी यात्रेत टोराटोरा नावाचा गरगर फिरणारा पाळणा नवा आला होता. वर्गातल्या मुली चढल्या, मीही चढले. पाळण्यातल्या माणसाने मांड्यांवर लोखंडी दांडी टाकली. सगळ्यांची खट्कन लागली. माझ्यावरची दांडी खटक्यापासून दोन बोटं अलीकडेच अडली. त्याने दाबली. मी श्वास आत घेतला. त्याने गुडघा टेकवून दाबली. शेजारच्या मळ्यातले तुकाराम काका कठड्याशी उभे होते, अगदी चांगला माणूस, मला धीर द्यायला म्हणून ते मोठ्याने म्हणाले, "बस गं बस, हत्ती गेला नि शेपूट राहिलं, अजून जरा दम धर." त्यांना दांडीचं म्हणायचं होतं. सगळं झालंच आहे, एवढंसं राहिलंय, इतकंच. पण म्हणीत नेमका हत्ती. आधी एक मुलगी हसली, मग रांग हसली, मग पाळण्यातला माणूसही हसला. काकांनी जीभ चावली ती मला दिसली. मी दांडी वर ढकलली, उतरले आणि म्हटलं, "मला चक्कर येते."

हे वाक्य कुठून आलं कोण जाणे. मला कधीही चक्कर आलेली नाही. उसाच्या भरल्या ट्रॉलीवर उभी राहून मी गिरणाऱ्यापर्यंत गेलेली आहे. पण वाक्य लागू पडलं. मैत्रिणींचे चेहरे एकदम मवाळ झाले. जाड मुलीला हसतात, आजारी मुलीला पाणी देतात, हे मला पंधराव्या वर्षी कळलं आणि पुढची सहा वर्षं मी ते सोडलं नाही.

मग दर नवरात्रात मी खाली. हातात सगळ्यांच्या पर्स, पायाशी सगळ्यांच्या चपला. फक्त आईच्या चपला नसायच्या, ती अनवाणी. डिझेलचा धूर, भेळेतला कच्चा कांदा, मौत का कुआँच्या फळ्यांचा धडधडाट, आणि वर मान करून बघत राहायचं. मान दुखायची. पाय तर थांबायचेच नाहीत, उभ्या जागी मी या पायावरून त्या पायावर डुलत असायचे. वरून मैत्रिणी हात करायच्या, मी हात करायचे. वरून कसं दिसतं ते त्या खाली येऊन सांगायच्या, आणि सांगताना म्हणायच्या, "तुला काय माहीत, तुला तर चक्कर येते." मला ओरडावंसं वाटायचं. पण खोटं एकदा घरात आलं की घरच्यासारखं राहतं. आई पाहुण्यांना सांगायची, आमच्या बारकीला उंचावर चालत नाही. गच्चीवर वाळवण टाकायला मला पाठवत नसत.

गेल्या वर्षी आमच्या शाळेची सातवीची सहल एका मोठ्या पार्कला गेली होती. तिथे मोठ्या राइडच्या दारातच एक रिकामी खुर्ची ठेवलेली असते. बसून बघा, पट्टा लागला तर रांगेत उभे राहा. मला ती खुर्ची फार आवडली. पन्नास माणसांसमोर दांडी दाबण्यापेक्षा हे किती सभ्य. माझ्या वर्गातली एक मुलगी, अंगाने माझ्यासारखीच, खुर्ची बघून मागे सरली आणि म्हणाली, "मॅडम, मला मळमळतंय." मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती रडली असती. मी खुर्चीत बसले, पट्टा अपुरा पडला, आणि तिथल्या माणसाला चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "माझ्या मापाचं काय आहे तुमच्याकडे?" तो म्हणाला, "मॅडम, शेवटच्या रांगेतल्या दोन सीटला लांब पट्टा आहे." मी म्हटलं, "दोन्ही ठेवा." पोरीची मळमळ रांगेत कुठे गेली ते मी विचारलं नाही. पहिल्या उतारावर तिने माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ होते.

एवढं विचारायला मला सहा वर्षं आणि एक मोडलेली सोयरीक लागली होती.

कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. सिन्नरचं स्थळ आलं. स्थळ आणणारे माझे सख्खे भास्करमामा. मुलगा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, निर्व्यसनी, आणि सगळ्यांत मोठा गुण म्हणजे सहा फूट. आमच्या घरात त्या दिवसांत दिवसभर एकच शब्द फिरत होता, जोड. हिला जोड मिळायची कशी, एवढ्या उंचीला जोड कुठली, मामा म्हणाले बघा आणलीच की नाही जोड. नवरात्राच्या दुसऱ्या माळेला ते लोक बघायला आले. मुलगा बरा होता. चहा घेतला, कॉलेज कुठलं विचारलं, घड्याळ बघितलं. बोलणं सगळं त्याच्या आत्याबाईंनी केलं. त्या पंचवटीतल्या, चांगल्या भरल्या अंगाच्या, बोलायला गोड. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "यात्रेला गेली होतीस का गं? पाळण्यात बसलीस?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "छे, तिला चक्कर येते."

सहाव्या माळेला मामा आले ते ओट्यावरच बसले, आत येईनात. आईने विचारलं तर म्हणाले, "नको म्हणतात. पोरीला फेफरं हाय असं कळलं म्हणे." पंचवटीत चक्कर म्हणून शिरलेली गोष्ट सिन्नरला जाईपर्यंत फेफरं झाली होती. आईच्या हातात माळ होती, तिची सुई तशीच फुलात राहिली. अण्णा उठून विहिरीकडे गेले. आई मामांना म्हणाली, "जाड हाय म्हणून नको म्हटले असते तर मी काय बोलले नसते. पण हे आता नाशकात कुठं कुठं जाईल?"

त्या दुपारी मी घरभर फिरले. स्वयंपाकघर, ओटा, गोठा, परत स्वयंपाकघर. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "बस ना एका जागी. तुला चक्कर येईल." तेव्हा मला राहवलं नाही.

"आई, मला चक्कर येत नाही."

"बरं."

"कधीच आली नाही. मी खोटं बोलत होते."

आईने माळ खाली ठेवली. "सहा वर्सं?"

"दांडी लागत नाही मला. मांड्यांवरून."

मला वाटलं ती ओरडेल. तिने रागावण्यासारखं केलंही, डोळे मोठे केले, पण आवाज आला नाही. मग पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला, मला ताप असल्यासारखा, आणि म्हणाली, "सांगायचं नाय का गं." मी रडले. आतापर्यंत कधी रडले नव्हते ते सगळं रडले. रडून झाल्यावर आई म्हणाली, "अष्टमीला ती आत्याबाई देवीची ओटी भरायला येणार हाय. मी निरोप धाडते. तिच्यासमोर पाळण्यात बसायचं."

"आणि दांडी?"

"ते तिथं बघू."

मधला एक दिवस मी कसा काढला मला आठवत नाही, एवढंच आठवतं की सातव्या माळेला मी तीन माणसांची फुलं एकटीने तोडली. मला भीती वाटत होती ती उंचीची नव्हती. भीती त्या खट्कन न येणाऱ्या आवाजाची होती. आणि खरं सांगायचं तर स्थळाचं मला फारसं काही नव्हतं. मला पाळण्यात बसायचं होतं. माझ्या नावावर लागलेला खोटा आजार मला माझ्या हाताने पुसायचा होता, आणि तो दांडीवर अडून राहिला असता तर मी पुन्हा काय खोटं बोलले असते कोण जाणे.

अष्टमीला दुपारी चारला आम्ही गेलो. यात्रा दिवसा बघितली नव्हती मी कधी. दिवे बंद, दुकानांवर गोणपाटं, उघड्या उन्हात पाळण्याचा रंग किती उडालाय तेही दिसत होतं. आत्याबाई ओटी भरून, प्रसाद खाऊन, ठरल्या जागी आल्या. हसल्या. आईही हसली. दोघींची तोंडं हसत होती.

पाळणा मालेगावच्या शकूरचाचांचा. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल, हातात इंजिनाचा दांडा. बारा पाळण्यांचं चक्र. मी पुढे झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून म्हटलं, "चाचा, मला दांडी लागत नाही." माझा आवाज चिरका आला.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. अण्णा भरलेल्या गोणीकडे बघतात तसं, उचलायच्या आधी अंदाज घ्यायला. त्यात कीव नव्हती की हसू नव्हतं. "चार नंबर येऊ द्या," ते म्हणाले. "त्याला दांडी नाय. लंबी साखळी हाय. पैलवानांचा पाळणा हाय तो."

"पैलवानांचा?"

"कुस्त्यांना येतात ना. मग ते काय नीचे उभे राहून बघणार?"

"हा कधीपासून आहे?"

"पैल्यापासून."

"मी सहा वर्षं येतेय इथं."

"तुम्ही विचारलं नाय कधी," शकूरचाचा म्हणाले, आणि चक्र फिरवून चार नंबर खाली आणला.

मी बसले. डोकं छपराला टेकलं, मान वाकडी करावी लागली, गुडघे समोरच्या पत्र्यात. पण साखळी लागली, वर तीन कड्या शिल्लक राहिल्या. त्या तीन कड्या मी बोटाने मोजल्या, दोनदा. तेवढ्यात चाचांनी हाळी दिली, "जोड पायजे. दहा नंबरला जोड."

पाळण्याचं असं असतं की समोरासमोर वजन सारखं लागतं, नाहीतर इंजिनाचा पट्टा घसरतो आणि चक्र मध्येच अडतं. पाळणेवाला माणसं तोंड बघून बसवत नाही, बूड बघून बसवतो. चारच्या समोर दहा. माझ्याइतकं वजन दहामध्ये हवं. जोड हा शब्द गेला महिनाभर आमच्या घरात किती जड झाला होता, आणि इथे हा म्हातारा तो भर उन्हात ओरडत होता, कुस्तीत ओरडतात तसा, मोकळा. मला पाळण्यात बसल्या बसल्या हसू आलं.

चाचांची नजर आईवर थांबली. "मावशी, तुम्ही या. एकट्या नाय पुरणार. त्या पण येऊ द्या." त्या म्हणजे आत्याबाई.

"मला कशाला?" आत्याबाई म्हणाल्या.

"तुमच्याशिवाय चक्र फिरणार नाय, मावशी."

रांग मागे खोळंबली होती. मुलीला चक्कर येते का हे बघायला आलेल्या बाईला आता नाही म्हणता येईना. दोघी दहा नंबरमध्ये बसल्या, एकमेकींकडे न बघता. आईचे अनवाणी, धुळीने भरलेले पाय खाली लोंबत होते. इंजिनाने धूर सोडला आणि मी मागे मागे वर गेले.

वरून काय दिसतं ते सांगते, कारण मला ते सहा वर्षं लोकांनी सांगितलं आणि सगळ्यांनी चुकीचं सांगितलं. कुणी म्हणायचं सगळं लहान दिसतं. नाही. पांडवलेण्यांचा डोंगर होता तेवढाच मोठा होता. पाण्याच्या टाकीवर कुणीतरी गोधडी वाळत टाकली होती. मला सगळ्यांत जास्त जाणवली ती हवा, कानामागची, मानेवरची. माझ्या अंगाला कुणीतरी न अडखळता उचलत होतं. लहानपणापासून मला कुणी उचललं नव्हतं. मी मोठ्याने ओरडले. लाज वाटली नाही.

समोरासमोरच्या पाळण्यांचं आणखी एक असतं. मी वर असताना त्या खाली, त्या वर असताना मी खाली, पण प्रत्येक फेऱ्यात दोनदा आम्ही एका उंचीवर येत होतो. तेवढा क्षणभर आई मला समोर दिसायची. पहिल्यांदा दिसली तेव्हा तिने डोळे मिटले होते. दुसऱ्यांदा ती माझ्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा ती हसत होती, तोंड उघडं टाकून, आठ दिवसांची उपाशी बाई. चौथ्यांदा ती हसत नव्हती, कारण आत्याबाई तिच्या खांद्यावर कोसळल्या होत्या.

उतरलो तेव्हा आत्याबाईंचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्या कठड्याशी बसल्या आणि ओकल्या. आईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने वारा घातला, मी पाणी आणलं. जरा शुद्धीवर आल्यावर त्या म्हणाल्या, "उन्हाचं झालं हो." आई म्हणाली, "उन्हाचंच." मग त्या आईचा हात धरून हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगू नका." आईने मान हलवली आणि खरोखर कुणाला सांगितलं नाही. मला मात्र ते बोचलं. त्यांची चक्कर उन्हाची, आणि माझी, जी मुळात नव्हतीच, ती फेफऱ्याची. मी तिथे थांबले नाही. चार नंबरमध्ये आणखी दोनदा बसले. चाचांनी तेवढ्यासाठी दोनदा जोड शोधली, एकदा तर नवरा-बायको आणि त्यांची तीन पोरं मिळून.

दसरा झाला, रान रिकामं झालं. आई अंगणात बियाण्याचा झेंडू वाळत घालत होती तेव्हा भास्करमामा आले, या वेळी ओट्यावर न थांबता थेट आत. "होकार हाय," ते म्हणाले. "आत्याबाईच म्हणाल्या, पोरगी धडधाकट हाय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

आई म्हणाली, "विचारून सांगते."

"कुणाला? अण्णांना मी वाटेतच विचारलं."

"बारकीला."

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. आई आत आली. मी चुलीपाशी उभी होते, नेहमीसारखी या पायावरून त्या पायावर. ती म्हणाली, "बारके, जायचं का तुला त्या घरात?" या आधी चार स्थळं आली होती, चारही स्थळांनी नकार दिला होता. मला जायचं का, हे कुणी विचारलं नव्हतं, कारण प्रश्न कायम त्यांच्याच होकाराचा होता.

मी त्या मुलाला आठवून बघितलं. वाईट नव्हता. घड्याळ बघत होता एवढंच. त्याच्या घरी मी गेले तर कुणाची तरी चक्कर कायम उन्हाची असणार आणि माझी कायम आजाराची, हे मला दिसत होतं, पण ते तेव्हा मला असं शब्दांत मांडता येत नव्हतं. जिभेला मात्र सहा वर्षांची सवय होती. कारणं लगेच रांगेत उभी राहिली. बी.एड. करायचंय, परीक्षा जवळ आहे, पोट दुखतं. मी त्यातलं एकही घेतलं नाही.

"नको," मी म्हटलं.

आई थांबली. पुढचं ऐकायला थांबली. मीही थांबले. पुढचं काही नव्हतं. पाय कधी स्थिर झाले ते मला कळलं नाही.

ती बाहेर गेली. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"नको म्हणते."

"का? आता काय झालं?"

"काय नाय झालं."

"अगं पण कारण काय सांगू त्यांना? तब्येतीचं सांगू का?"

"तब्येत चांगली हाय तिची," आई म्हणाली. "तिला नको हाय, असंच सांगा."